मागं राहील तो

पुंजाराम बशीतून चहा पीत होता आणि बशी बबलूनं धरली होती. अंबडच्या बसस्टँडसमोर, हॉटेलाबाहेर टाकलेल्या बाकड्यावर, सकाळी सव्वादहाच्या उन्हात. एवढंच. संध्या जालन्याच्या बसमधून नुकतीच उतरली होती, खांद्यावरची पिशवी सारखी करत होती, रस्ता ओलांडायचा म्हणून तिनं मान वळवली आणि तिला हे दिसलं. वीटभट्टीवर ज्याच्या चपलांची चाहूल लागली की म्हाताऱ्याच्या हातातला चिखल खाली पडायचा, तो माणूस आज त्याला खेटून बसला होता आणि बशीवर फुंकर घालत होता. म्हातारा, तिचा सासरा, मुकाट्यानं ओठ पुढे करत होता. संध्याचे पाय जागच्या जागी थांबले. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, "ओ बाई, मरायचंय का?" म्हणाला, तरी ते हलले नाहीत. तिला जाणवलं ते एवढंच, की आपल्या दोन्ही हातांची बोटं आत वळली आहेत. विटेचा साचा दोन्ही बाजूंनी धरताना वळायची तशी. आठ वर्षांत तिनं साच्याला हात लावला नव्हता. हातांना ते कुणी कळवलं नव्हतं.

बबलूचं लक्ष गेलं. तो उठला नाही, नुसता हसला. "या की वहिनी," सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "चहा घ्या. बाबाबी हाईत." पुंजारामनं मान वर केली नाही. त्याच्या अंगावर कोरं धोतर होतं, दुकानातल्या घड्या अजून न मोडलेलं. त्याचा डावा पाय बाकड्याच्या बाहेर तिरपा पडलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. संध्यानं त्या पायाकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्या पायाकडं पाहायचा हक्क आपल्याला नाही असं तिला आठ वर्षं वाटत आलं होतं, आणि पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं. ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली. पाठीवर बबलूचं हसू चिकटल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं त्याच्या हातचा चहा प्यावा! मग तिला स्वतःचीच चीड आली. म्हाताऱ्यानं चहा कुणाच्या हातचा प्यावा हे सांगणारी ती कोण? तिनं त्याला काय पाजलं होतं?

कोर्ट तिथून दहा मिनिटांवर. पंधरा दिवसांपूर्वी समन्स आलं ते नेमकं ती काम करते तिथं, जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या गोदामात. तिथं चाळीस बायका फळ्यांसमोर बसून कपाशीचं बी निवडतात, फुटकं वेगळं, किडकं वेगळं. पोलीस गेटवर आला आणि नाव विचारलं म्हटल्यावर सगळ्या माना वळल्या. "कशाची केस गं?" शेजारची शीतल म्हणाली. संध्यानं सांगितलं. खोटं सुचलं नाही म्हणून खरं सांगितलं, की वीटभट्टीवर आम्हाला चौदा महिने डांबलं होतं, त्याची केस. शीतलनं तोंडावर हात घेतला, पण डोळ्यांत कणव नव्हती, दुसरंच काही होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "पण मी म्हंते, इतके दिवस राह्यल्या कशा गं तुम्ही? मी असते तर एक दिवस न्हाई राह्यले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ह्या बायकांना वाटत होतं की आपण राहिलो नसतो. संध्याला त्यांचा राग आला नाही. हेवा वाटला. भट्टीवर जाण्याआधी तिलाही असंच वाटायचं. त्या दिवसापासून तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. हजेरीच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नसे. वाळू आणि चिखलानं बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या, त्या पुन्हा पुऱ्या आल्याच नाहीत. रोज ती तीन-चारदा अंगठा टेकवायची आणि मागची रांग तिच्या पाठीशी उसासे टाकायची. आता त्या उसाशांना नाव मिळालं होतं.

राहिलो कशा. हा प्रश्न वकील विचारणार हे तिला माहीत होतं, पण वकिलाच्या कितीतरी आधीपासून तो तिच्यात मुक्कामाला होता. भट्टीला कुलूप नव्हतं. हीच तर खरी अडचण होती. गोदाकाठाकडच्या त्या रानात, ऊस आणि कपाशीच्या मधोमध, सोमेश्वरची भट्टी होती आणि तिला लोखंडी गेट होतं. ते गेट दिवसरात्र उघडं असायचं. मंठ्याच्या बाजूच्या त्यांच्या गावातून तीन घरं तिथं आली होती, लहानमोठी मिळून अकरा माणसं. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत एक हंगाम काढायचा असं ठरलं होतं. हंगाम संपला, पाऊसकाळ आला, भट्टी विझली. सोमेश्वर म्हणाला, अजून बाकी हाय, आणि त्यानं त्यांना स्वतःच्या सोयाबीनच्या खुरपणीला लावलं. मग पुन्हा हंगाम. सगळे त्याला 'भाऊ' म्हणायचे. तोही सगळ्यांना भाऊ, ताई म्हणायचा. आवाज चढवायचा नाही. पहिल्या हंगामाच्या अखेरीला एक नवराबायको निघून गेले. दुसऱ्या दिवशी सोमेश्वरनं खुर्ची मागवली, थप्प्यांच्या सावलीत बसला, आणि त्या बाईच्या भावाला, मागं राहिलेल्याला, बबलूकरवी सगळ्यांसमोर झोडपलं. मारत असताना तो गेटकडं हात करून म्हणाला, "गेट उघडंच हाय. कुनाला जायचं त्यानं खुशाल जावं. मी कुनाला धरून ठेवून न्हाई राह्यलो. मागं राहील त्याला मी बघतो." तेवढंच. त्यानंतर त्याला पुन्हा बोलावं लागलं नाही. कुलपाची किल्ली त्यानं प्रत्येकाच्या हातात देऊन टाकली होती. माणसं एकमेकांवर नजर ठेवू लागली. कुणी शेताकडं बसायला गेलं आणि उशीर झाला तर घरचेच हाका मारायचे, आणि त्या हाकांत काळजी नसायची, भीती असायची. नवरा बायकोकडं पाहायचा ते ही जाईल का म्हणून. बायको सासऱ्याकडं, सासरा लेकाकडं. प्रेमाची माणसं होती म्हणून कुणी जात नव्हतं, आणि कुणी जात नव्हतं म्हणून त्या प्रेमाला हळूहळू कसला तरी आंबूस वास यायला लागला होता.

कोर्टाच्या आवारात शिवाजी तिची वाट पाहत होता. मजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता. सुटका झाल्यापासून ही केस त्यानं सोडली नव्हती, तारखा त्यानंच सांभाळल्या होत्या. भला माणूस, पण आज त्याचाही चेहरा ओढलेला होता. "ताई, अडचण झाली," तो म्हणाला. "बाकीचे साक्षीदार फुटले. दोन घरांनी सांगून टाकलं, आमी राजीखुशीनं काम केलं. आता तुम्ही आन् तुमचे सासरे. त्यांनाबी वळवून घेतलंय म्हंतात."

"बघितलं मी. स्टँडवर बसलेत बबलूसंगं."

"मंग तर संपलंच. म्हंजे तुमच्या एकटीवर आली केस. आता नीट ऐका. तुमच्या जबाबात कुलूप हाय. गेटला कुलूप लावून डांबून ठेवलं असं लिहिलंय. तिथं बिलकुल डगमगायचं न्हाई. कुलूप म्हंजे कुलूप."

"कुलूप न्हवतं, शिवाजीभाऊ."

शिवाजीनं इकडंतिकडं पाहिलं. "न्हवतं तर जबाबात आलं कुठून?"

ते आलं होतं तिच्याच मानेतून. जबाब लिहिणाऱ्यानं विचारलं होतं, कुलूप होतं का? आणि तिनं मान हलवली होती. तीन दिवसांची उपाशी, मांडीवर तापानं फणफणलेली पोर, आणि समोरचा माणूस कागदावर पेन टेकवून थांबलेला. जे होतं त्याला तिच्याकडं शब्द नव्हता. कुलूप हा शब्द त्यानं दिला, तिनं घेतला. त्या वेळी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. कुलूप असतं तर किती बरं झालं असतं! कुलूप असतं तर ती चौदा महिने राहिली याचा दोष कुलपाकडं गेला असता. आणि कुलूप तोडून ती गेली असती तर ती शूर ठरली असती. पण कुलूप नव्हतं. म्हणून राहिली हेही तिचंच होतं, आणि गेली हेही तिचंच.

"गेट उघडं होतं म्हन्ल्या ना ताई, तर तो उद्या मोकळा फिरंल," शिवाजी म्हणाला. "आठ वर्षं पाण्यात. इचार करा."

ती बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. आवारात लोक येत-जात होते, झेरॉक्सच्या टपरीवर गर्दी होती, कुणाच्या तरी जमिनीची मोजणी, कुणाची फारकत. सोमेश्वर आला तो पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला अबीर. तिच्यासमोरून जाताना थांबला. तिला वाटलं होतं हा धमकी देईल. त्यानं विचारलं, "पोरगी कितवीला हाय गं ताई आता?" आणि उत्तराची वाट न पाहता आत गेला. तृप्ती आता अकरा वर्षांची, सहावीत. त्या दिवशी तीन वर्षांची होती, कडेवर होती.

तो दिवस तिच्या अंगात असा बसला होता की आठवावा लागत नसे. दुपारचे दोन. लोक रात्री पळतात, ती भर दुपारी गेली. ट्रक भरणं चाललं होतं, तिचा नवरा राजानंद ट्रकवर विटा झेलत होता, पुंजाराम खालून देत होता. दोन-दोन विटा, एका लयीत. पोरीला ताप होता, तिसरा दिवस. सकाळी संध्यानं बबलूला दवाखान्याचं विचारलं तर तो म्हणाला, "चार विटा जास्त थाप, ताप आपोआप उतरल." आत्ता पोर कडेवर होती आणि तिचा श्वास संध्याच्या मानेला लागत होता, गरम, तुटक. पाणी आणायला म्हणून ती हापशाकडं निघाली. हापसा गेटजवळ होता. तिथवर ती खरंच पाण्यालाच चालली होती, हे ती शपथेवर सांगू शकली असती. हापशाजवळ पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. राजानंदला मारणार नाहीत, हे तिनं हिशोबासारखं मनात मांडलं. तो तरणा, दिवसाला हजार विटा थापणारा, त्याचे हात त्यांना लागतात. मारतील ते म्हाताऱ्याला. म्हातारा तसाही मंद झाला होता. हा विचार तिनं पूर्ण केला. अर्धा सोडला नाही. म्हाताऱ्यानं त्याच वेळी वर पाहिलं, हातात दोन विटा, आणि त्याला तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो नुसता पाहत राहिला. तिनं घागर हापशाखाली ठेवली, अशी की लोकांना वाटावं आता भरायला वाकेल. आणि ती गेटातून बाहेर गेली. पळाली नाही. चालत गेली. उसाच्या कडेकडेनं रस्ता गाठला. ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं, फाट्यावरून जीप मिळाली. अंबडला आधी दवाखाना, मग तहसीलदारसाहेबांची कचेरी. साहेब दौऱ्यावर होते. ती कचेरीच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. लोक म्हणाले उद्या या, परवा या, ती तिथंच. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, तिचं ऐकलं, आणि दुपारी दोन गाड्या भट्टीवर गेल्या. मागं राहिलेली सात माणसं बाहेर आली. सहा पायांवर, एक बाजेवर. बाजेवर पुंजाराम होता. पाय तीन दिवस तसाच, कापडानं बांधलेला. तो बरा झाला तो वाकडाच. बाज गाडीत चढवताना ती पुढं झाली, तेव्हा म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. तेव्हापासून फिरवलेलंच. राजानंद बापाला घेऊन गावी गेला. तिनं मागं यावं असं कुणी म्हणालं नाही. आता तो पुण्याकडं बांधकामावर आहे, महिन्या-दोन महिन्यांनी पोरीला फोन करतो, हिला नाही. एकदाच तिनं फोन हिसकावून घेतला होता. "तूच सांग, मी काय करायचं होतं?" तो मशीनपासून बाजूला गेला. मग तो म्हणाला, "बराबर केलं तू. पन मला तुझं तोंड न्हाई बघवत." ह्या दोन वाक्यांच्या मधे ती आठ वर्षं राहत आली.

पुकारा झाला. आत पंखा मोठा आवाज करत होता. न्यायाधीश तरुण होते, चष्मा लावलेले, दमलेले. सरकारी वकिलांनी विचारलं ते तिनं सरळ सांगितलं, गाव, माणसं, हंगाम, मार. मग सोमेश्वरचा वकील उठला. वयस्कर, मऊ आवाजाचा.

"बाई, भट्टीला गेट होतं?"

"व्हतं."

"त्याला कुलूप होतं?"

मागच्या बाकावर शिवाजी पुढं सरकल्याचं तिला न पाहताही कळलं. कुलूप होतं म्हटलं की संपलं, ही वाट आठ वर्षांपूर्वीच आखलेली होती, नुसता पाय टाकायचा होता. आणि त्या वाटेनं गेलं की म्हाताऱ्याचा पाय कुठं जाणार? कुलूप असेल तर तो पाय उगीच मोडला. सोमेश्वरनं चौदा महिने त्यांच्याबरोबर नेमकं काय केलं, ते त्या कुलपाआड कायमचं झाकलं जाणार.

"न्हवतं," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांगा."

"कुलूप न्हवतं. गेट उघडंच राह्यचं."

वकिलानं न्यायाधीशांकडं पाहिलं, मग कागदाकडं. "मग पोलिसांपुढं तुम्ही खोटं सांगितलं."

"त्यांनी इचारलं, मी मान हलवली. चूक झाली माझी."

"म्हणजे तुम्ही जायला मोकळ्या होता."

"गेट मोकळं व्हतं. आमी न्हवतो."

"कोडी घालू नका बाई. चौदा महिने का नाही गेलात?"

"एक जन गेला की मागच्याला मारायचे. भाऊ म्हन्ले व्हते सगळ्यांसमोर, मागं राहील त्याला मी बघतो. म्हनून कोनी जात न्हवतं."

"बरं." वकिलाचा आवाज आणखी मऊ झाला. "पण तुम्ही गेलात. मागं कोण होतं तुमचं?"

"मालक. आन् सासरे."

"तुम्ही म्हणता तसं असेल, तर तुम्ही गेल्यावर त्यांना मारणार हे तुम्हाला माहीत होतं."

हा सापळा होता. होय म्हणावं तर ती राक्षसीण, नाही म्हणावं तर आधीचं सगळं खोटं. तिला तो दिसला, आणि गंमत म्हणजे भीती वाटली नाही. आठ वर्षं ती ह्याच सापळ्यात राहत होती. त्याचा कोपरा न् कोपरा तिच्या ओळखीचा होता.

"व्हय. म्हाईत व्हतं. सासऱ्यालाच मारतील हेबी म्हाईत व्हतं. मालक कामाचे व्हते, म्हातारं माणूस कामाचं न्हाई. मी इचार केला आन् गेले."

"तरी गेलात."

"तरी गेले. मी गेले नसते तर आमी अजून तिथंच असतो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि टंकलेखकाला सावकाश सांगू लागले, "हे म्हणणे खरे आहे की, गेटला कुलूप नव्हते. हे म्हणणे खरे आहे की, मी गेल्यावर सासऱ्यांना मारहाण होईल याची मला कल्पना होती." आपलं आयुष्य असं सरळ, कोऱ्या भाषेत कागदावर उतरताना ऐकून तिला विचित्र वाटलं. वाईट नाही, हलकं नाही. अंगावरचं कापड कुणीतरी सर्वांसमोर ओढून घ्यावं आणि खाली आपण तेवढेच निघावेत, तसं. तिला मागं बसायला सांगितलं. शिवाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही.

मग पुंजारामचा पुकारा झाला. तो आत आला, कोरं धोतर सावरत, पाय ओढत. दारात बबलू थांबला, चौकटीला खांदा टेकून. म्हाताऱ्यानं शपथ घेतली. नाव, वय, गाव. भट्टीवर कामाला होता का? व्हतो. जबरदस्तीनं ठेवलं होतं का? म्हाताऱ्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, "न्हाई साहेब. राजीखुशीनं व्हतो. भाऊ चांगले व्हते." सोमेश्वर खाली मान घालून बसला होता, कीर्तनात बसावं तसा. सरकारी वकिलांनी हा साक्षीदार उलटला असं सांगून परवानगी घेतली आणि विचारलं, "मग पाय कसा मोडला?"

"थप्पी पडली विटांची. पायावर."

"कोणत्या दिवशी?"

म्हातारा थांबला. हे पढवलेलं नसावं. त्याची नजर कोर्टभर फिरली आणि मागच्या बाकावर संध्यापाशी आली. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं सरळ पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती, ओळख होती.

"ही गेली त्या दिशी," तो म्हणाला.

"नेमकी त्याच दिवशी थप्पी पडली?"

"त्याच दिशी."

"ही गेली आणि थप्पी पडली. योगायोग म्हणायचा?"

"कसली थप्पी!" म्हातारा एकदम ओरडला. त्याचा आवाज फाटला. सोमेश्वरचा वकील उठू लागला, पण म्हातारा थांबणारा नव्हता. "थप्पी कशाला पडती साहेब? ही गेली! लेकरू घेतलं कडंवर आन् गेली, घागर ठिवून! मी बघत व्हतो. मला इचारलं न्हाई हिनं. एक शबुद न्हाई. मी मागं हाय, हे दिसत न्हवतं का हिला? माझ्याकडं बघून गेली! मंग ह्यांनी धरलं मला. ह्यो बबलू, त्यो दारात उभा हाय बघा, ह्यानं पाय धरला विटांवर आडवा, आन् भाऊनं सोता पहार घातली. दोनदा. पहिल्यांदी मोडला न्हाई म्हनून दुसऱ्यांदी. माझा पाय थप्पीनं न्हाई मोडला साहेब. हिच्या पायी मोडला! ल्ह्या तुम्ही, बराबर ल्ह्या, हिच्या पायी!"

दारातली चौकट रिकामी झाली होती. सोमेश्वर तसाच बसून होता, फक्त मांडीवरची त्याची बोटं हलायची थांबली होती. वकील अर्धवट उभा. न्यायाधीश म्हणाले, "बाबा, शांत व्हा. पहार कुणी मारली, पुन्हा सांगा." आणि म्हाताऱ्यानं पुन्हा सांगितलं, संध्याकडं बोट रोखूनच. त्याला सोमेश्वरला शिक्षा व्हावी असं वाटत नव्हतं. त्याला तिला शिक्षा हवी होती. थप्पी पडली म्हटलं असतं तर त्याच्या आठ वर्षांच्या रागाला कारणच उरलं नसतं, आणि तो राग काही तो कुणाला विकायला तयार नव्हता, कोऱ्या धोतराच्या बदल्यात तर नाहीच. संध्या ऐकत राहिली. प्रत्येक शब्द तिच्यावर येऊन पडत होता आणि प्रत्येक शब्द कागदावर उतरत होता. तिला रडू आलं नाही. तिला एवढंच कळलं की पहार दोनदा घातली होती. एकदाच, असं ती आजवर धरून चालली होती.

निकाल त्यानंतर सात महिन्यांनी लागला. सोमेश्वरला तीन वर्षं, बबलूला दोन. सोमेश्वरनं अपील केलं, जामिनावर बाहेर आला, आणि पुढच्या हंगामाला त्याची भट्टी पुन्हा पेटली, भाच्याच्या नावानं. मात्र माणसं ठेवली ती रोजावर, संध्याकाळी घरी जाणारी, असं शिवाजीनं स्वतः जाऊन पाहिलं. हे सगळं पुढचं. त्या दिवशी दुपारी कोर्टातून बाहेर आल्यावर शिवाजी तिचा हात हातात घेऊन "ताई, ताई" एवढंच म्हणत राहिला, आणि ती हात सोडवून घेऊन स्टँडकडं निघाली.

जालन्याची बस लागली होती. तिनं मधली जागा धरली. बस सुटता सुटता पुंजाराम आला. त्याला आणणारी गाडी त्याला न घेताच निघून गेली होती. कंडक्टरनं आणि एका पोरानं त्याला ओढून वर घेतलं. त्यानं तिला पाहिलं आणि तो दोन जागा पुढं, दुसऱ्या बाजूला बसला. "कुठं बाबा?" "मंठा." "ही जालन्यापर्यंतच जाती, तिथून दुसरी धरावी लागंल. सोबत कोन हाय?" "कोनी न्हाई," म्हातारा म्हणाला. खिडकीतून वाळक्या रानाचा वारा आत येत होता. बस फाट्याफाट्याला थांबत होती, माणसं चढत होती, उतरत होती, आणि दोन जागा पुढं त्याची मान दिसत होती, केस पिकलेली, मागून अगदी राजानंदसारखी. मधेच त्यानं पाय सरळ करायचा प्रयत्न केला, दोन्ही हातांनी उचलून. तिनं पाहिलं. या वेळी नजर काढून घेतली नाही.

जालन्याच्या स्टँडवर सगळे उतरले, ती उतरली. म्हातारा शेवटी राहिला. दाराची पायरी उंच होती, आणि खाली खड्डा. तो दांडा धरून वर उभा, चांगला पाय आधी टाकावा की वाकडा, या विचारात. कंडक्टर कागद घेऊन कधीच गेला होता. संध्या खाली उभी होती. हात पुढं करायची तिची हिंमत झाली नाही. कोर्टात उभं राहण्याइतकी हिंमत होती, एवढी नव्हती. ती नुसती एक पाऊल दाराजवळ सरकली. म्हाताऱ्यानं बराच वेळ लावला. मग त्यानं तिच्या खांद्यावर पंजा टेकवला, खांबावर टेकवावा तसा, सगळा भार घातला आणि खाली उतरला. पंजा लगेच उचलला नाही, दम खात उभा राहिला.

"इचारलं असतंस तर मी न्हाई म्हन्लो असतो," तो रस्त्याकडं पाहत म्हणाला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हनूनच न्हाई इचारलं."

म्हाताऱ्यानं हुंकार भरला. तो होकार होता की शिवी, हे तिला कळलं नाही. मंठ्याची बस पलीकडच्या फलाटाला लागत होती. तो खांदा सोडून तिकडं निघाला, पाय ओढत, गर्दीतून वाट काढत, आणि एकदाही मागं न बघता वर चढला.